ओढणे सोपे, आवरणे अवघड

हिवाळा लागला की वऱ्हाडातल्या रस्त्यांवर दोन प्रकारची वर्दळ वाढते. एक कापसाची. शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या अकोल्या-अमरावतीच्या जिनांकडे रांगेने जाताना दिसतात. दुसरी शंकरपटाची. पटाच्या जोड्या घेऊन शेतकरी गावोगावच्या पटांना निघतात. अमरावती जिल्ह्यात, धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर फार जुना आणि नावाजलेला. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या होत्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा या विषयावरचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून जोड्यांचा प्रवास पुन्हा सुरू झाला आहे.

विद्यार्थिमित्रहो, या प्रवासात पदार्थविज्ञानाचा एक सुरेख प्रश्न दडलेला आहे. समजा, अकोला जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला आपली जोडी तळेगावला न्यायची आहे. प्रत्येकी सुमारे ४०० किलोचे दोन बैल, हलका छकडा, कडबा, सरकीची ढेप, पाण्याचा पिंप, स्टोव्ह, तंबू, अंथरुणे आणि चार माणसे. मुक्काम तीन दिवसांचा. म्हणजे शर्यतीचे वाहन, ते पळवणारे बैल आणि माणसांचा संसार, सगळेच बरोबर न्यायचे.

अमेरिकेत मोटारींच्या शर्यतीत भाग घेणाऱ्यांपुढे हाच प्रश्न असतो. शर्यतीची मोटार रस्त्यावरून चालवत नेत नाहीत. ती ट्रेलरवर चढवतात. तो ट्रेलर ओढायला अनेक जण असे वाहन घेतात, की ज्यात ट्रकच्या सांगाड्यावर, म्हणजे चेसिसवर, राहायचे घरच बांधलेले असते. तिकडचा मोटारवाला आणि इकडचा धुरकरी, दोघांनाही विचारायचा प्रश्न एकच: पुढे कोणते वाहन घ्यावे आणि मागे काय जोडावे?

बहुतेक लोक या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देतात: "इंजिन दमदार पाहिजे!" हे उत्तर कितपत बरोबर आहे ते आपण आकडे मांडून तपासू. आकडे सोपे राहावेत म्हणून गुरुत्वत्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरू.

ओढायला किती बल लागते?

भरलेली ट्रॉली ३,००० किलोची आहे असे समजा. तिचे वजन ३०,००० न्यूटन. पण ती ओढायला ३०,००० न्यूटन बल लागत नाही. तेवढे बल ती सरळ वर उचलायला लागेल. सपाट रस्त्यावर आपल्याला फक्त चाकांच्या लोळण-घर्षणावर मात करायची असते. डांबरी रस्ता आणि हवा भरलेले रबरी टायर असतील तर हे घर्षण वजनाच्या शंभरात दीड भागाइतके धरता येते. म्हणजे

३०,००० × ०.०१५ = ४५० न्यूटन.

आता बैलांचा विचार करा. चांगली जोडी आपल्या वजनाच्या सुमारे एक दशांश बलाने बराच वेळ ओढत राहू शकते. आपल्या जोडीचे वजन ८,००० न्यूटन. त्याचा दशांश ८०० न्यूटन. म्हणजे सपाट डांबरी रस्त्यावर तीन टनांची ट्रॉली ही जोडी सहज चालवील! जे काम दोन बैल करू शकतात ते कोणतेही इंजिन करील. सपाट रस्त्यावर ओढणे हा प्रश्नच नाही.

शेतात मात्र चित्र पालटते. भुसभुशीत काळ्या मातीत चाक रुतते आणि तोच गुणांक ०.१ च्या घरात जातो. ४५० न्यूटनांऐवजी ३,००० न्यूटन बल लागते. शिवाय आणखी एक अडचण येते. इंजिनात कितीही जोर असला तरी तो जमिनीपर्यंत पोचतो तो चाकाच्या पकडीतून. चालक चाकांवर पडणारे वजन गुणिले टायर आणि जमीन यांच्यातील घर्षण गुणांक, याहून जास्त बल गाडी लावूच शकत नाही. पाऊस पडून माती चिकट आणि निसरडी झाली की हा गुणांक खूप उतरतो. चाक जागच्या जागी फिरते, चिखल उडतो आणि गाडी तिथेच राहते. तेव्हा वाढवायची असते ती पकड. इंजिनाची ताकद वाढवून चाक फक्त जास्त जोरात फिरेल. खाचांचे मोठे टायर आणि मागच्या चाकांवर बहुतेक वजन असणारा ट्रॅक्टर शेतात सरस ठरतो, तो यामुळेच.

चढ आणि अश्वशक्ती

आता आपला सगळा काफिला, ओढणारी गाडी अधिक ट्रेलर, ५,५०० किलोचा आहे असे धरू. सपाट रस्त्यावर ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जाताना लोळण-घर्षण ८२५ न्यूटन आणि हवेचा विरोध सुमारे २४० न्यूटन होतो. एकूण १,०६५ न्यूटन. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. म्हणून शक्ती झाली १०,६५० वॉट, सुमारे १४ अश्वशक्ती.

रस्ता दर २० मीटरला १ मीटर चढू लागला, तर वजनाचा विसावा भाग, २,७५० न्यूटन, मागे खेचू लागतो. त्याच वेगासाठी आता सुमारे ५१ अश्वशक्ती लागेल. इंजिन तेवढे देऊ शकत नसेल तर काय होईल? गाडी अडेल असे नाही. चालक खालचा गिअर टाकील, वेग सेकंदाला ५ मीटर होईल आणि गरज २४ अश्वशक्तीच्या आसपास येईल. काफिला चढेल, फक्त हळू चढेल.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवा. इंजिनाची अश्वशक्ती तुम्ही चढ किती लवकर चढाल ते ठरवते. तुम्ही सुखरूप पोचाल की नाही, हे ती ठरवत नाही. ते ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत आणि गाडी निवडताना त्यांची चौकशी सहसा कोणी करत नाही.

थांबवायला किती अंतर लागते?

गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाने. कोरड्या डांबरी रस्त्यावर हा गुणांक ०.६ धरू. सगळ्या चाकांना ब्रेक असलेली एकटी गाडी ६ मीटर प्रति सेकंद वर्ग इतक्या दराने मंदावेल. थांबण्याचे अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × मंदन). वेग सेकंदाला १० मीटर असेल, तर अंतर १०० ÷ १२ = ८.३ मीटर.

आता तिच्यामागे ब्रेक नसलेली ट्रॉली जोडा. रोखणारे बल फक्त पुढच्या गाडीच्या चाकांचे, पण थांबवायचे वस्तुमान दोघांचे! बल तेच, वस्तुमान जास्त; म्हणून मंदन कमी. न्यूटनचा दुसरा नियम इथे सूट देत नाही.

दोन उदाहरणे घेऊ.

पहिले: २,००० किलोचा ट्रॅक्टर आणि ३,००० किलोची बिनब्रेकची ट्रॉली. बल १२,००० न्यूटन, वस्तुमान ५,००० किलो, मंदन २.४. थांबण्याचे अंतर सुमारे २१ मीटर. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, त्यामुळे प्रत्यक्षात हे अंतर आणखी वाढते.

दुसरे: ४,००० किलोचा लहान ट्रक आणि १,५०० किलोचा बिनब्रेकचा ट्रेलर. बल २४,००० न्यूटन, वस्तुमान ५,५०० किलो, मंदन सुमारे ४.४. अंतर साडेअकरा मीटर.

दोन्ही काफिल्यांचे एकूण वस्तुमान जवळजवळ सारखे, पण थांबण्याच्या अंतरात दुपटीचा फरक. तो फरक पडला कशामुळे? पुढची गाडी जड आणि मागची हलकी असल्यामुळे. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर हे अंतर पुन्हा सव्वाआठ मीटरांच्या जवळ येते.

या अंतरात चालकाला भान यायला लागणारा वेळ धरलेला नाही. तो एक सेकंद धरला, तरी आणखी १० मीटर वाढतात. आणि वेग दुप्पट केला तर ब्रेकचे अंतर चौपट होते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या आपल्या लहान ट्रकाला ट्रेलरसह ४६ मीटर लागतील. अमरावती-अकोला हा राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ चा टप्पा तुम्हाला माहीत असेल. जून २०२२ मध्ये या टप्प्यावर १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर टाकण्याचा विक्रम झाला आणि त्याची नोंद गिनेस बुकात आहे. रस्ता गुळगुळीत झाला की वेग आपोआप वाढतो. खड्ड्यांमुळे नाइलाजाने पाळला जाणारा संयम, रस्ता चांगला झाल्यावर चालकाला स्वतःहून पाळावा लागतो.

अडकित्त्यासारखी मिटणारी गाडी

ब्रेक दाबल्यावर बिनब्रेकची ट्रॉली आपल्या जडत्वाने पुढे जाऊ पाहते आणि पुढच्या गाडीला ढकलते. पहिल्या उदाहरणात हे ढकलणे ३,००० × २.४ = ७,२०० न्यूटन आहे. बैलजोडीच्या ओढण्याच्या बलाच्या ते नऊपट झाले! रस्ता सरळ असेल तर हे बल गाडीच्या लांबीच्या दिशेने लागते आणि निभावून जाते. पण वळणावर ते तिरपे लागते. ते पुढच्या गाडीचा मागचा भाग बाजूला सारते आणि गाडी व ट्रॉली अडकित्त्याच्या दोन पात्यांसारख्या एकमेकींवर मिटतात. एकदा मिटायला लागलेला हा अडकित्ता चालकाला हाताने उघडता येत नाही. म्हणून नियम असा: वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर.

उतारावरची उष्णता

वऱ्हाडचा मधला पट्टा सपाट आहे, पण उत्तरेला मेळघाट आणि दक्षिणेला पातूरकडचा घाट आहेच. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना तर सुमारे ७०० मीटर उंची चढावी लागते, आणि जो चढतो त्याला उतरावेही लागते.

घाटातला एक तीव्र तुकडा घ्या: ३ किलोमीटर लांब, दर १५ मीटरला १ मीटर उतरणारा. एकूण २०० मीटर उतार. आपल्या ५,५०० किलोच्या काफिल्याची स्थितिज ऊर्जा तेवढ्यात १ कोटी १० लाख ज्यूलने कमी होते. वेग न वाढवता उतरायचे, तर ही सगळी ऊर्जा कुठेतरी खर्ची पडली पाहिजे. लोळण-घर्षण त्यातले सुमारे २५ लाख ज्यूल घेते. उरलेले ८५ लाख ज्यूल ब्रेकांच्या वाट्याला आले असे समजू. ब्रेकच्या ड्रमांचे लोखंड सगळे मिळून ६० किलो आहे आणि लोखंडाची विशिष्ट उष्णता ४६० आहे. तर तापमानातील वाढ

८५,००,००० ÷ (६० × ४६०) = सुमारे ३०८ अंश सेल्सिअस!

वाऱ्याने थोडी उष्णता निघून जाते, पण थोडीच. एवढे तापल्यावर ब्रेकच्या लायनरची पकड घटते. चालक पेडल दाबतो, पण गाडी ऐकत नाही. याला ड्रायव्हर मंडळी "ब्रेक सुटला" म्हणतात. पुष्कळदा तो तुटलेला नसतो, तापलेला असतो.

उपाय जुनाच आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. खालच्या गिअरमध्ये चाकेच इंजिनाला फिरवतात आणि ऊर्जेचा मोठा हिस्सा इंजिनाच्या आत हवा ओढण्या-दाबण्यात आणि घर्षणात खर्ची पडतो. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून उतरणारा चालक ही सगळी ऊर्जा ब्रेकांच्या माथी मारतो. वाचलेल्या पावशेर डिझेलसाठी ही किंमत फार मोठी आहे.

बंडीकडून शिकण्याचा धडा: उलाळ

आता थोडे मागे, बंडीकडे जाऊ. बंडीला दोनच चाके असतात, म्हणून तिच्यात माल कसा भरावा हे आजोबांना नीट ठाऊक असते. माल पुढे जास्त झाला तर जू बैलांच्या मानेवर दाबते. मागे जास्त झाला तर जू वर उचलले जाते आणि गळ्याखालचा पट्टा आवळला जातो. याला बंडी उलाळ होणे म्हणतात. दोन्ही वाईट, पण उलाळ बंडी चालवायला कोणीच धजावत नाही. जाणता शेतकरी जू मानेवर किंचित टेकलेले राहील असाच माल भरतो.

मोटारीमागच्या दोनचाकी ट्रेलरला नेमका हाच नियम लागू पडतो. ट्रेलर पुढच्या गाडीला जिथे अडकतो त्या जागेला आपण "जोड" म्हणू. आपल्या १,५०० किलोच्या ट्रेलरमध्ये जोडापासून चाकांच्या आसापर्यंतचे अंतर ३ मीटर आहे, आणि भरलेल्या ट्रेलरचा गुरुत्वमध्य आसाच्या ०.३ मीटर पुढे आहे. आसाभोवतीची परिबले सारखी मांडली, तर जोडावरचा भार

१,५०० × ०.३ ÷ ३ = १५० किलो.

म्हणजे ट्रेलरच्या एकूण भाराचा दहावा हिस्सा. दहा ते पंधरा टक्के भार जोडावर असावा, असाच या प्रकारच्या ट्रेलरांसाठीचा सर्वमान्य ठोकताळा आहे. गुरुत्वमध्य आसाच्या मागे गेला की जोडावरचा भार उणे होतो. ट्रेलर पुढच्या गाडीची शेपटी वर उचलतो, तिच्या मागच्या चाकांची पकड कमी करतो. उलाळ झाली!

आता गंमत पाहा. या ट्रेलरमध्ये आपले दोन बैल उभे आहेत. शर्यतीची मोटार दोरखंडाने आवळली की हलत नाही, बैल हलतो. एखाद्या हॉर्नने बिचकून दोन्ही बैल अर्धा मीटर मागे सरले असे समजा. ८०० किलो गुणिले ०.५ मीटर, म्हणजे परिबलात ४०० किलो-मीटरचा फरक. त्याला ३ ने भागा: जोडावरचा भार १३३ किलोंनी घटला. १५० मधले १३३ गेले, उरले १७! दोन पावलांत ट्रेलर उलाळ होण्याच्या काठावर आला. आणखी थोडे सरले की झालाच. बैलांचा गुरुत्वमध्य उंचही असतो. ते एका बाजूला झुकले की वळणावर कलंडण्याचा धोका वेगळाच.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ साली केलेली सुधारणा या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. जनावरे नेणाऱ्या वाहनात प्रत्येक जनावरासाठी पक्का वेगळा कप्पा असावा, आणि गाय-म्हशीसाठी तो किमान २ चौरस मीटरचा असावा, असे त्यात म्हटले आहे. नियम दयेपोटी आहेच. पण त्यात परिबलाचे गणितही आहे. कप्प्यातले जनावर सरकत नाही, म्हणून गुरुत्वमध्य सरकत नाही. हेच पाण्याच्या पिंपाचे. अर्धवट भरलेल्या पिंपातले पाणी हिंदकळते. काठोकाठ भरलेल्या, झाकण घट्ट असलेल्या पिंपातले हिंदकळत नाही.

शेपूट हलू लागते तेव्हा

ट्रेलर हा जोडाभोवती डावी-उजवीकडे झुलू शकणारा एक लंबक आहे. बाजूच्या ट्रकाचा वारा लागला की तो किंचित झुलतो. वेग कमी असेल आणि भार पुढे असेल तर टायरांचे घर्षण हे आंदोलन दोन-तीन झोक्यांत शमवते. पण प्रत्येक ट्रेलरसाठी एक वेगमर्यादा अशी असते, की तिच्यापुढे झोका शमण्याऐवजी वाढत जातो. पुढच्या गतीतली ऊर्जा त्या झोक्यात ओतली जाते, झोपाळ्याला दर वेळी कोणी धक्का द्यावा तशी. माल जितका मागे, तितकी ही मर्यादा खाली येते. म्हणूनच मागे जड भरलेला ट्रेलर ताशी ३० ला शहाण्यासारखा चालतो आणि ६० ला शेपूट आपटू लागतो.

अशा वेळी चालकाला दोन मोह होतात: स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचे, नाहीतर वेग वाढवून ट्रेलर ताणून धरायचा. दोन्हींनी झोका वाढतो. स्टिअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढणे, हाच खरा उपाय.

ट्रकवरचे घर आणि तीन आकडे

आता त्या अमेरिकन घराकडे पाहू. मुक्कामाचे घर ट्रकच्या चेसिसवर बांधण्यात एक मोठा फायदा आहे. ट्रकचा सांगाडा, आस आणि ब्रेक मुळातच जड भारासाठी बनवलेले असतात, आणि पुढची गाडी जड असावी हे आपण पाहिलेच. पण दोन सापळे आहेत.

पहिला सापळा वजनाचा. प्रत्येक वाहनाच्या कागदपत्रांवर रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन नोंदलेले असते. शिवाय प्रत्येक आसावर किती भार चालेल तेही ठरलेले असते. हे तीन आकडे वाचल्याशिवाय गाडी निवडू नये. घराच्या भिंती, खाटा, कपाटे, टाकी यांनीच भरलेल्या वजनाची मर्यादा गाठली, तर बैल आणि जोडावरचा भार यांना जागाच उरत नाही. पाचशे लिटरच्या टाकीतले पाणी म्हणजेच ५०० किलो, हे किती जण मोजतात?

दुसरा सापळा लांबीचा. घर मोठे हवे म्हणून मागच्या आसाच्या मागे बांधकाम वाढवले, तर जोडही आसापासून दूर जातो. पुढच्या-मागच्या आसांत ३ मीटर अंतर असलेल्या गाडीत जोड मागच्या आसाच्या १.२ मीटर मागे असेल, तर जोडावरचे १५० किलो तरफेप्रमाणे पुढच्या चाकांवरचे ६० किलो कमी करतात. तीच चाके गाडी वळवतात! शिवाय मागचा भाग जितका लांब, तितका ट्रेलरच्या प्रत्येक झोक्याला गाडीची शेपटी हलवायला लांब दांडा मिळतो. म्हणून जोड मागच्या आसाच्या जितका जवळ, तितका बरा.

ट्रॅक्टरच्या बाबतीत जोडाची उंचीही महत्त्वाची. ओढ जितकी उंचावर, तितके पुढची चाके उचलणारे परिबल मोठे. चढावर जड ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाके हवेत गेलेली तुम्ही पाहिली असतील. काही जण त्याला ट्रॅक्टरचा जोर समजतात. खरे तर तो उलटण्याच्या वाटेवरचा ट्रॅक्टर असतो.

मग निवड कोणती?

आता आपल्या शेतकऱ्याला उत्तर देऊ. ट्रॅक्टर आणि ट्रॉली शेतातल्या मऊ जमिनीसाठी ठीक. महामार्गावरच्या शंभर किलोमीटरांसाठी नाही. लहान ट्रक घ्यावा, पण मोटारवाल्यांची मांडणी उलटी करावी. त्यांचे शर्यतीचे वाहन निर्जीव आहे, म्हणून ते मागे ठेवतात. आपले जिवंत आहे, म्हणून त्याला पुढे घ्यावे. बैल ट्रकवरच, दोन आसांच्या मधल्या भागात, स्वतंत्र कप्प्यांत उभे करावेत. छकडा, कडबा, तंबू, अंथरुणे हे हलके, न हलणारे सामान मागच्या ट्रेलरमध्ये जावे. मग ट्रेलरही हलका चालतो. ४०० किलोचा ट्रेलर आणि त्यात ३०० किलो सामान, मिळून ७०० किलो. ट्रक बैलांसह ४,५०० किलोचा. मंदन ५.२ आणि थांबण्याचे अंतर साडेनऊ मीटरांच्या आसपास. एकट्या गाडीहून जेमतेम एक मीटर जास्त.

आणि माणसे? ती ट्रकच्या केबिनमध्ये, जागा असतील तेवढीच. ट्रेलरमध्ये एकही नाही. आपल्याकडे लग्नाचे वऱ्हाड, जत्रेकरू, कापूस वेचणाऱ्या बाया सर्रास ट्रॉलीत बसून जातात. वर काढलेले सगळे आकडे त्यांच्याविरुद्ध आहेत: ब्रेक नाहीत, धरायला काही नाही, आणि ट्रॉली झुलली, मिटली किंवा उलटली तर पहिला मार त्यांनाच. बैलासाठी आपण कप्पा मोजतो, तर माणसासाठी निदान बसायची जागा मोजावी.

करून पाहा

१. दोन फूट लांबीची लाकडी पट्टी घ्या. तिच्या मध्याच्या थोडे मागे सायकलच्या आऱ्याचा आस आणि खेळण्याची दोन चाके बसवा. पट्टीचे पुढचे टोक प्रयोगशाळेतल्या तानकाट्याला टांगून पट्टी आडवी धरा. एक वजन पट्टीवर पुढून मागे एकेक इंच सरकवा आणि प्रत्येक वेळी तानकाट्याचे वाचन घ्या. वजनाचे आसापासूनचे अंतर आणि वाचन यांचा आलेख काढा. तो सरळ रेषा येतो का? पट्टी उलाळ केव्हा होते?

२. हीच पट्टी जड चारचाकी खेळण्याच्या मागे खिळ्याने सैल जोडा. लांब फरशीवरून दोऱ्याने सरळ ओढा आणि ओढताना पट्टीच्या मागच्या टोकाला पेन्सिलीने हलकी टिचकी मारा. एकदा वजन आसाच्या पुढे ठेवून, एकदा मागे ठेवून, कमी-जास्त वेगाने पाहा.

विचार करा

१. ओल्या रस्त्यावर घर्षण गुणांक ०.३ झाला, तर वरची थांबण्याची अंतरे किती होतील?

२. ट्रॉलीत दुप्पट माल भरल्याने थांबण्याचे अंतर दुप्पट होते का? २,००० किलोचा ट्रॅक्टर आणि ६,००० किलोची ट्रॉली घेऊन करून पाहा.

३. ट्रॉलीच्या सगळ्या चाकांना ब्रेक बसवले, तर ट्रॉलीचे वस्तुमान सूत्रातून नाहीसे का होते?

शिक्षकांनी हा तिसरा प्रश्न वर्गात जरूर चर्चेला घ्यावा. त्याचे उत्तर फळ्यावर दोन ओळींत निघते, आणि ज्या घरात ट्रॉली आहे तिथल्या मुलामुलींनी ते त्याच संध्याकाळी घरी सांगण्यासारखे आहे.